काष्टीचा आवाज गाडीत

भारतीनं मोबाईल घेतला आणि विमलबाईंना रिटायर झाल्यावर पुन्हा नोकरी लागली, असं रंभाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं.

डॉक्टर भारती भिंगारदिवे, म्हणजे या दोघांची लेक, हिचं नगरात बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल होतं. बाळंतिणीचा काही नेम नसतो, म्हणून तिनं मोबाईल घेतला, तोही गावात मोजक्या लोकांकडे होता तेव्हा. घेतला खरा, पण तो वाजायचा नेमका ती गाडी चालवत असताना. एकदा सक्कर चौकात तिनं एका हातानं फोन कानाला लावला आणि गाडी पेरूच्या हातगाडीला घासली. कुणाला लागलं नाही, पेरू तेवढे रस्ताभर झाले. ते विमलबाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन त्या मारुतीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तेव्हापासून फोन वाजला की बटण त्या दाबायच्या आणि भारतीच्या कानाला फोन धरून बसायच्या. हात भरून आला तरी हलवायच्या नाहीत.

त्यांना ते अवघड नव्हतं. नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. डोक्याला हेडसेट, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांचे प्लग. इकडचा प्लग तिकडे लावला की दोन गावं एकमेकांशी बोलत. त्यामुळं मोबाईलबद्दल त्यांना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडला होता, आणि तो त्या भेटेल त्याला विचारत. हे जोडतं कोण? दोरी नाही, बोर्ड नाही, मग मधे बसलंय कोण? भारती म्हणायची, कॉम्प्युटर. विमलबाईंचं त्यानं समाधान होत नसे. कॉम्प्युटर हे उत्तर झालं नाही, ते नुसतं नाव झालं, असं त्यांचं म्हणणं.

मग भारती एका कॉन्फरन्सला पुण्याला गेली आणि येताना गाडीत बसवायचा एक संच घेऊन आली. फोन त्याच्या खाचेत ठेवायचा आणि हात न लावता बोलायचं. समोरच्याचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून येणार आणि आपलं बोलणं एक बारीक माईक ऐकणार. तिनं खोका उघडून दाखवला तेव्हा रंभाजी विमलबाईंकडे बघून म्हणाले, की आता तुझी ही पण नोकरी गेली. विमलबाईंनी ते कानाआड केलं. त्या खोक्यातली एकेक वस्तू बाहेर काढून उजेडात धरून बघत होत्या.

रविवारी सकाळी मायलेकी मार्केट यार्डाजवळ मच्छिंद्रच्या दुकानात गेल्या. मच्छिंद्र गाड्यांची वायरिंग करायचा, जीपना टेप आणि भोंगे बसवायचा. असला संच तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता आणि ते त्यानं मोकळेपणानं सांगितलं.

"न्हाई बसवला कधी, पन बसवू. गाडीत येतंय म्हनल्यावर वायर ती वायरच."

तो पाय बाहेर ठेवून, डोकं डॅशबोर्डखाली घालून आडवा झाला. विमलबाई दुसऱ्या दारातून वाकून बघत राहिल्या. काळ्या डबीतून चार वायरी निघाल्या होत्या, लाल, काळी, निळी आणि पिवळी. प्रत्येकीचं काम काय, हे त्यांनी विचारलं. लाल-काळी बॅटरीच्या, हे मच्छिंद्रला माहीत होतं. बाकीच्या दोघींसाठी भारतीनं इंग्रजी कागद वाचला. पिवळी टेपला जोडायची, म्हणजे फोन आला की टेप आपोआप गप्प होतो. हे ऐकून मच्छिंद्र खालूनच हसला. त्याच्या घरात अशी एक वायर पाहिजे होती, म्हणाला.

निळीचं मात्र घाईत राहून गेलं. लाल-काळी जोडल्यावर फोनवर दिवा लागला, मच्छिंद्रला वाटलं झालं काम, आणि निळी त्यानं गुंडाळून बाजूला सारली. माईक चिंचोक्याएवढा होता. तो उन्हाच्या झडपेला चिमट्यानं लावला. मग भारतीनं शेजारच्या दुकानातून घरी फोन करून रंभाजींना मोबाईलवर फोन लावायला सांगितलं.

फोन वाजला. भारतीनं बटण दाबलं. स्पीकर मुका. मच्छिंद्रनं स्पीकरला कान लावला, टिचकी मारली. विमलबाई मात्र फोनजवळ वाकल्या. त्यांना तिथं रंभाजी ऐकू येत होते, मुंगीएवढ्या आवाजात, कुणी बोलतंय का म्हणून विचारणारे. म्हणजे माणूस फोनपर्यंत आला होता, पुढं गेला नव्हता. बोर्डावर असं झालं की त्या आधी सुटलेली दोरी शोधायच्या. त्यांनी निळ्या वायरीवर बोट ठेवून विचारलं, हिचं काय?

भारतीनं कागद पुन्हा पाहिला. निळीच्या शेजारी किल्लीचं चित्र होतं. तिघंही थोडा वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग मच्छिंद्रनं कपाळावर हात मारला. गाडी चालू आहे की बंद, हे डबीला या निळीतून कळत होतं. किल्ली फिरवली तरच डबी जागी होणार. फोनचा दिवा बघून सगळे फसले होते, डबी झोपलेलीच होती. त्यानं निळी किल्लीच्या वायरीला जोडली, चिकटपट्टी गुंडाळली आणि बाहेर येऊन हात पुसले. भारतीनं किल्ली फिरवली आणि रंभाजींना पुन्हा फोन लावायला सांगितलं.

या वेळी रंभाजी सबंध गाडीभर बोलले. ते फोनवर नेहमीच ओरडत, जणू मधलं अंतर त्यांना स्वतःच्या घशानं कापायचं होतं. त्यांच्या आवाजानं समोरच्या टायरवाल्यानं मान वर केली.

"विमल, तुझ्या या फोनापायी दूध उतू गेलं. आता मी किती वेळ असा उभा राहू?"

मच्छिंद्र तोंड फिरवून हसत होता. विमलबाईंनी त्या झडपेकडे बघून, नेहमीच्या हळू आवाजात, गॅस बंद केलात का म्हणून विचारलं. केला, असं उत्तर आलं. त्यांना विलक्षण वाटलं. फोन हातात नाही, कानाला काही नाही, त्या नुसत्या रिकाम्या हवेशी बोलल्या होत्या आणि हवेनं उत्तर दिलं होतं. पुढं कितीतरी वेळ त्या मच्छिंद्रला विचारत होत्या, की स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून कसा काय घुमत नाही. डबीच ते अडवीत असंल, याच्या पलीकडे त्यालाही सांगता येईना. फोन चालू असताना तो खाचेतून उचलायचा नाही, लाईन तुटंल, एवढं त्यानं जाताना दोनदा बजावलं.

घरी जाऊन भारतीनं कागद पुन्हा वाचला, तर आणखी एक सोय निघाली. फोन खाचेत असला आणि किल्ली चालू असली की तो एका घंटीनंतर स्वतःच उचलला जायचा. तिनं तसं करून ठेवलं. आता बटणसुद्धा दाबायचं राहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भारतीला हिवरे बाजारला बायकांच्या तपासणीसाठी जायचं होतं. विमलबाईंचं गाडीत आता काही काम नव्हतं, तरी त्या निघाल्या. नेप्ती मागं पडल्यावर त्या फोनच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या बघत बसल्या. टेकडीआड गाडी गेली की काड्या गळायच्या, चढावर आली की पुन्हा उभ्या राहायच्या. कुठं जातात, कुठं येतात, हे त्या रस्ताभर भारतीला सांगत होत्या. नगरचा टॉवर आपल्याला बघतोय आणि आपण त्याला दिसलो की काडी येते, असा त्यांनी हिशोब लावला. भारती म्हणाली, बरोबर आहे. विमलबाईंना बरं वाटलं. जोडणाराचा पत्ता अजून लागला नव्हता, पण त्याची नजर कुठवर पोचते ते तरी कळलं होतं.

तपासणी आटोपून दुपारी परत येताना, जखणगावच्या अलीकडे एका चढावर, रस्त्याकडेला एक माणूस हात करत उभा होता. त्याच्या सुनेचं बाळंतपण भारतीनं केलं होतं. बाळाला बघून जा, वस्ती इथंच आहे, असा त्यानं आग्रह धरला. वस्ती ज्वारीच्या रानापलीकडे होती, गाडी जाण्यासारखी वाट नव्हती. भारती पिशवी घेऊन बांधावरून त्याच्यामागं गेली. विमलबाईंचे गुडघे बांधाला तयार नव्हते. त्यांनी किल्ली तशीच चालू ठेवायला सांगितली, कारण त्याशिवाय टेप वाजत नसे, आणि भीमगीतांची कॅसेट लावून त्या काच खाली करून बसल्या. ज्वारी हुरड्यावर आली होती. तिचा गोडसर वास गाडीत येत होता.

गाणं मधेच थांबलं.

कॅसेट अडकली असं समजून त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात एक घंटी वाजली आणि पाठोपाठ गाडीत एक बाई बोलू लागली.

"हॅलो, डॉक्टर भारती मॅडम आहेत का? मी काष्टीहून बोलतेय."

विमलबाईंचा हात तसाच राहिला. फोन आपला आपण उचलला गेला हे त्यांना समजलं. पण त्या थबकल्या ते त्या एका शब्दासाठी. काष्टी. त्यातला 'ष' घासून आणि 'टी' जरा लांबवून. हा शब्द याच घशातून त्यांनी रोज ऐकला होता, वर्षानुवर्षं, सकाळच्या पाळीला आणि दुपारच्या पाळीला. काष्टीला छोटं एक्स्चेंज होतं आणि तिथं ही बाई बसायची. नाव त्यांना माहीत नव्हतं. बोर्डावर नावं नसायचीच. ती यांना नगर म्हणायची, या तिला काष्टी. मधे लाईनवर कुणी गिऱ्हाईक नसलं की दोन शब्द बोलायच्या, मुलीला ताप आहे, बाजारात आज कांदा किती आलाय, असलं काहीतरी. मग काष्टीचं एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं आणि तो आवाज एका दिवसात बंद पडला.

त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "काष्टी, नगर बोलतंय."

पलीकडे शांतता झाली. लाईन गेली की काय म्हणून विमलबाईंनी काड्यांकडे बघितलं. काड्या होत्या.

"नगर?" ती बाई म्हणाली. मग अगदी हळू, "बोर्डावरच्या?"

"हो, त्याच. डॉक्टर माझी मुलगी. आधी काम सांगा."

काम ऐकताच विमलबाई ताठ झाल्या. सुनेला आठवा सरत आला होता. नाव लीना, भारतीचीच पेशंट. सकाळपासून डोकं फुटेल असं दुखत होतं, पाय सुजले होते, आणि आता डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणत होती. गावातल्या डॉक्टरनं रक्तदाब बघितला आणि घाबरला. दौंडच्या डॉक्टरबाई परगावी होत्या. हॉस्पिटलमधल्या नर्सनं हा नंबर दिला होता. एकही गोष्ट मागंपुढं होत नव्हती. बोर्डावरच्या बाईसारखं ती ओळीनं सांगत होती.

भारती रानापलीकडे होती. फोन खाचेतून उचलायचा नव्हता. उतरून हाक मारायला जावं, तर मागं लाईन राहील की नाही याचा भरवसा नव्हता. विमलबाई म्हणाल्या, "काष्टी, लाईन सोडू नका. भोंगा वाजेल, घाबरू नका," आणि शेजारच्या सीटवर वाकून त्यांनी हॉर्नवर तळहात दाबून धरला. ज्वारीतून पाखरं भर्रकन उठली. वस्तीवरचं कुत्रं भुंकू लागलं. त्या हॉर्न सोडायच्या, तिकडे एक शब्द बोलायच्या, आहात ना, आहे, आणि पुन्हा दाबायच्या.

भारती बांधावरून पळत आली. विमलबाईंनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि बाजूला सरकल्या. पुढचं बोलणं भारतीनं दारात उभं राहून, धापा टाकत केलं. झटक्यासारखं काही आलं का? नाही. त्या गावच्या डॉक्टरला फोनवर बोलावलं, कुठलं इंजेक्शन द्यायचं ते सांगितलं, ते त्यांच्याकडे होतं. मग पुन्हा त्या बाईला सांगितलं, की इंजेक्शन झालं की डाव्या कुशीवर निजवून जीपमधून सरळ नगरला आणा, डॉक्टरांनाही बरोबर घ्या, खायला काही देऊ नका.

"आणते," ती बाई म्हणाली. मग क्षणभर थांबून, "नगर, ठेवते आता." आणि आवाज गेला. टेपवरचं गाणं जिथं तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं. विमलबाईंनी ते बंद केलं.

परतीच्या वाटेवर भारतीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. निघण्याआधीच तिनं हॉस्पिटलला फोन लावला आणि गाडी चालवता चालवता ऑपरेशनची तयारी, रक्ताची सोय, भूलतज्ज्ञांना निरोप, असं एकेक सांगत गेली. उतारावर नर्सचा आवाज तुटला. विमलबाई काड्या बघत होत्या. पुढच्या चढाला काड्या आल्या, असं त्या म्हणाल्या, आणि भारतीनं एक बटण दाबून पुन्हा लावला. एवढं एक काम त्यांना राहिलं होतं आणि ते त्यांनी नगर येईपर्यंत केलं.

काष्टीची जीप चिखलीचा घाट चढून, दिवस मावळायच्या आत हॉस्पिटलला पोचली. लीना शुद्धीवर होती, चेहरा सुजलेला, नवऱ्याचा हात घट्ट धरलेला. नवरा अवधूत रस्ताभर तिच्याशी बोलत आला होता, त्याचा घसा बसला होता. भारतीनं तिला तपासून लगेच आत घेतलं.

विमलबाई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मनात एक उंच, भरल्या अंगाची, मोठं कुंकू लावणारी बाई धरून ठेवली होती. कितीतरी वर्षं ती तशीच होती. जीपमधून उतरलेली बाई त्यांच्या खांद्याला लागेल एवढीच होती, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, हातात थर्मास घेतलेली. विमलबाईंना पटेना, की तो आवाज या अंगातून निघत असेल. त्या बाईचंही तसंच झालं असावं. ती यांच्याकडे बघून भलत्याच कुणाला शोधू लागली.

"काष्टी?" विमलबाई म्हणाल्या.

बाईनं थर्मास खाली ठेवला. दोघींनी एकमेकींचे हात धरले.  नाव सांगून झालं. ती इंदुमती रत्नपारखी. या विमल भिंगारदिवे. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबायची विमलबाईंना सवय होती, तशा त्या थांबल्या. इंदुमतीबाई म्हणाल्या, की मी तुम्हाला बारीक समजत होते. विमलबाई म्हणाल्या, मी तुम्हाला उंच.  समोरासमोर उभं राहून बोलायची त्यांची ओळखच नव्हती. इंदुमतीबाई यांच्या कानातल्याकडे बघत होत्या, या त्यांच्या चष्म्याकडे, आणि दोघींनाही अवघडल्यासारखं होत होतं.

ऑपरेशनच्या दारासमोर भिंतीला लागून एक बाक होता. शेवटी त्या तिथं शेजारी शेजारी बसल्या. दोघींच्या नजरा समोरच्या बंद दाराकडे होत्या.  मग इंदुमतीबाई दाराकडे बघतच म्हणाल्या, की मला आता खरं सांगा, माझा आवाज गाडीत कुठून येत होता?

विमलबाईंनी दाराकडे बघतच सांगितलं. गुडघ्यापाशी एक स्पीकर आहे, तिथून. पण वाटत होतं सगळीकडूनच. आणि फोन कुणी उचलला नव्हता, तो आपला आपणच उचलला गेला. इंदुमतीबाईंना ते नवल वाटलं. मग मधे जोडून कोण देतं, त्यांनी विचारलं.  विमलबाई म्हणाल्या, मी पण लेकीला हेच विचारते, धड कुणी सांगत नाही. आणि मग बोलणं सुटलं ते थांबेचना. काड्यांचं, टॉवरचं, पिवळ्या वायरीचं, रंभाजींच्या दुधाचं. इंदुमतीबाईंनी मधे प्रश्न विचारावा, यांनी सांगावं. एकमेकींकडे न बघता ते सोपं जात होतं. तोच आवाज डाव्या कानाला, पूर्वी हेडसेट असायचा त्या बाजूला.

दार उघडून नर्स आली. मुलगी झाली होती, वजनानं कमी, पण रडली होती चांगली. लीनाचा रक्तदाब खाली येत होता, रात्रभर नजर ठेवावी लागेल, पण धोका टळला होता. अवधूत भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत झाकलं. इंदुमतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि थर्मासमधला चहा झाकणात ओतून विमलबाईंपुढं केला. एकच झाकण होतं. दोघी त्यातूनच आळीपाळीनं प्यायल्या.

"आमचं एक्स्चेंज बंद झालं ना, त्या दिवशी मी शेवटचा प्लग नगरला लावला होता," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही नव्हता. कुणी पुरुष बोलला. मग मी काही न बोलता काढून टाकला."

विमलबाई आठवू लागल्या.

"मी रजेवर होते. भारतीची बारावी चालू होती."

"पास झाली?"

"झाली."

आतून भारतीचा आवाज येत होता. ती नर्सला बाळ नीट गुंडाळायला सांगत होती.

"दिसतंयच," इंदुमतीबाई म्हणाल्या.